हरभऱ्याचा शेंडा: पिकाला फांद्या, ताटाला चव

दिवाळी उलटली की खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाच्या काळ्या शिवारात सोयाबीनची जागा हरभरा घेतो. पीक महिन्याचं होत आलं की शेंडे खुडायचे आणि ज्वारीच्या भाकरीसोबत हरभऱ्याची भाजी खायची, हा तिथला थंडीतला शिरस्ता. कुणी कच्च्या पाल्यातच कांदा, तिखट, मीठ आणि तेल घालून घोळाणा करतं. हंगामी भाजी स्वस्त आणि ताजी मिळते, हे खरंच. पण या भाजीचा फायदा पिकालाही होतो.

रोपाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरत राहतं, तोवर पानांच्या बेचक्यातले डोळे फुटत नाहीत. शेंडा खुडला की हा अटकाव सुटतो, बाजूचे डोळे फुटतात आणि झाड फांद्या धरतं. फांद्या वाढल्या की घाट्यांना जागाही वाढते. मात्र खुडणी फुलोऱ्याआधीच उरकायला हवी.

या भाजीची आंबट चव येते पानांवरच्या बारीक लवेतून. तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. खुडताना बोटं चुणचुणतात ती त्यामुळेच. ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीच्या वाढीला खीळ घालतं, म्हणजे झाडाचं हे संरक्षणच. पहाटेच्या दवात ही आम्लं उतरली की त्या दवाला ‘आंब’ म्हणतात. पूर्वी रात्री पिकावर फडकं पसरून सकाळी ते पिळत आणि पोटाच्या तक्रारींवर ही आंब देत.

आंबटपणाला वेळही असते. घोळीच्या भाजीचंच बघा. पाण्याचा ताण पडला की ती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते, रात्री उघडते आणि आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा ते खर्ची पडतं. म्हणून अशी घोळ पहाटे जास्त आंबट लागते. घोळीत ऑक्झॅलेट भरपूर असल्यानं मूतखडा झालेल्यांनी ती बेतानंच खावी.

खुडलेलं पान लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालू राहतो, साठवलेली साखर खर्च होते, पाणी उडतं आणि क जीवनसत्त्व घटत जातं. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत या जीवनसत्त्वाचा बराचसा भाग जातो. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला तर हेच जीवनसत्त्व मदत करतं. नेमके याच दिवसांत आवळा, पेरू आणि बोरंही येतात. जेवणासोबत तीही असू द्यावीत. उन्हाळ्यासाठी पाला वाळवून ठेवतात, तेव्हा क जीवनसत्त्व फारसं उरत नाही; लोह, कॅल्शियम आणि तंतू मात्र टिकतात. सावलीत वाळवला तर पानातलं कॅरोटीनही जास्त वाचतं.

आता एक सावधगिरी. आम्लं पाण्यात विरघळतात, आंबटपणा जातो, म्हणून घरोघरी ही भाजी न धुता नुसती झटकून घेतात. फवारणी झालेल्या शेतात ही रीत धोक्याची आहे. औषधाच्या डब्यावर फवारणी ते काढणी असे जे दिवस लिहिलेले असतात, ते दाण्यासाठी असतात, पाल्यासाठी नव्हे. तेव्हा आधी खुडणी, मग फवारणी, हा क्रम मोडू नका. बाजारातून आणलेली भाजी मात्र स्वच्छ धुवूनच घ्या. थोडी आंब गेली तरी चालेल.