साडेचारशे टन माती, चारशेवीस किलो धान्य

दिवाळी सरली की शहापूरकडच्या तानसा खोऱ्यातल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला घरंच्या घरं भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर.

या कामाचा हिशेब एकदा मांडून बघा. वीट साधारण तीन किलोची. एका जोडप्याने दिवसाला हजार विटा पाडल्या असं धरू, म्हणजे तीन टन माती. ती भिजवायची, तुडवायची, गोळा करून साच्यात आपटायची, ओली वीट उन्हात मांडायची, उलटायची, रचायची. हंगामाचे १५० दिवस धरले तर दीड लाख विटा, साडेचारशे टन. त्याच घरात अंत्योदयाचं पिवळं कार्ड असतं, त्यावर महिन्याला ३५ किलो धान्य. वर्षाचं ४२० किलो. रेशनच्या एका किलोमागे हजार किलोहून जास्त माती!

हे धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं. देशात ८० कोटी लोकांना मिळतं, त्यासाठी वर्षाला २ लाख कोटींच्या घरात पैसे जातात. हा खर्च हवाच. तो थांबला तर आषाढात कित्येक चुली पेटणार नाहीत. पण अख्खा हंगाम राबून ज्या घराचं पोट भरत नाही, त्याच्या मजुरीतली तूट सरकार भरतं, म्हणजे भट्टीच्या शेठचाच भार उचलतं. आणि त्या शेठचं नाव कुठेच येत नाही.

रेशन दुकानात मशीनवर अंगठा लावला की कार्ड, तारीख, किलो सगळं नोंदलं जातं. भट्टीवर असते शेठची वही. त्यात उचल इतकी, आठवड्याची खर्ची इतकी, विटा इतक्या. नाव बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचं. निम्म्या विटा बायकोच्या हातच्या, पण ती वहीत नाही. मजुरीची नोंद ठेवणं मालकावर १९४८ च्या किमान वेतन कायद्यानेच बंधनकारक केलं होतं. स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. शहापूरहून भिवंडीला गेलेला त्यात बसलाच नाही. २०२१ च्या ई-श्रम पोर्टलवर ३० कोटींहून जास्त नावं आहेत, पण ती माहिती मजुरानेच स्वतःबद्दल दिलेली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ मध्ये कायदाच केला: ज्यांचे ५० किंवा जास्त कामगार सरकारी आरोग्य मदतीवर आहेत, त्या मालकांची यादी जाहीर करायची. २०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी काही राज्यांतली माहिती तपासली, तेव्हा सरकारी अन्न आणि आरोग्य मदत घेणाऱ्या कमावत्या प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के पूर्णवेळ कामावर असल्याचं दिसलं. वॉलमार्ट, मॅकडोनाल्ड्स ही नावं उघडपणे छापली गेली.

आपल्याकडे शहापूरचं कार्ड भिवंडीच्या दुकानातही चालतं. मजूर कुठे आहे हे सरकारला त्या अंगठ्यावरूनच कळतं. कोणाच्या भट्टीवर आहे, हे सांगायची जबाबदारी मात्र मालकावर टाकावी: नवराबायको दोघांची नावं, विटा आणि दिलेली मजुरी यांसह. मजुराच्या कार्डाला त्यात कुणी हात लावता कामा नये.