निव्वळ पत्त्याचा भरंवसा

एखाद्याच्या खिशांत एक चिठ्ठी आहे आणि तिच्यावर एका घराचा पत्ता लिहिलेला आहे. चिठ्ठी खिशांत असल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. प्रश्न उद्भवतो तो त्या पत्त्यावर जाऊन दार उघडण्याच्या वेळीं. तें घर अजून उभें आहे काय? तेथें जुनेंच बिऱ्हाड आहे, कीं दुसरें कोणी राहावयास आलें आहे? याचें उत्तर चिठ्ठी देत नाहीं. तिला ठाऊक असतो तो फक्त पत्ता.

संगणकाच्या आज्ञावलींतही अशाच चिठ्ठ्या असतात. संगणकाची स्मृति ही क्रमांक घातलेल्या खोल्यांची एक लांबच लांब ओळ आहे, असें श्रोत्यांनीं समजावें. एखादी वस्तु कोणत्या खोलींत आहे हें सांगणाऱ्या क्रमांकास पॉइंटर म्हणतात. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत घडविलेल्या सी भाषेंत पॉइंटर मोकळेपणानें वापरतां येतात. त्या भाषेचें सामर्थ्य आणि तिच्यांतील अपघात या दोहोंचें मूळ बव्हंशीं तेथेंच आहे. २०१४ सालीं उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष प्रसिद्ध आहे. संदेश गुप्त राखणाऱ्या ओपन-एसएसएल या साधनांत तो होता. ‘माझा मजकूर इतका लांब आहे, तो परत पाठवा,’ असें समोरच्यानें म्हणावें आणि ती लांबी न पडताळतां तितकी स्मृति उचलून त्याच्या स्वाधीन करावी, असा तो प्रकार. एका वेळीं ६४ किलोबाइटपर्यंत शेजारच्या खोल्यांतील ऐवज, परवलीचे शब्दसुद्धां, परक्याच्या हातीं पडूं शकत होता.

असले अपघात आज्ञावली चालूं होण्यापूर्वींच अडवावे, हा रस्ट या भाषेचा एक मुख्य हेतु. तिची पहिली स्थिर आवृत्ति मे २०१५ मध्यें निघाली. नेहमींच्या व्यवहारांत ती निव्वळ पत्त्याऐवजीं ‘रेफरन्स’ नांवाचा जणुं शिक्का मारलेला परवाना देते. मूळ वस्तु नाहींशी झाल्यावर तो वापरला जाऊं नये, आणि एक जण वस्तु बदलीत असतां दुसऱ्यानें तिला हात लावूं नये, हें कंपायलर स्वतः तपासतो.

तरीही सी भाषेंतील जुन्या साधनांशीं बोलतांना, किंवा यंत्राच्या भागांशीं थेट व्यवहार करतांना निव्वळ पत्त्यावांचून, म्हणजे रॉ पॉइंटरवांचून, चालत नाहीं. म्हणून रस्टनें एक मार्मिक भेद केला आहे. पत्ता तयार करण्यास व जवळ बाळगण्यास मुभा आहे; त्या पत्त्यावरील दार उघडणें मात्र ‘अनसेफ’ असें लिहिलेल्या कंसांतच करतां येतें. ‘येथें नियम संपले’ असा या शब्दाचा अर्थ पुष्कळ नवशिके करतात. तो चुकीचा आहे. रेफरन्सांची तपासणी त्या कंसांतही चालूंच राहते. जी खात्री कंपायलरला करतां येत नाहीं ती लिहिणाऱ्यानें केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तें एक हमीपत्र होय.

ही हमी कशाकशाची? पहिली, पत्ता शून्य नसावा. शून्य पत्त्याची कल्पना १९६५ सालीं प्रचारांत आणणाऱ्या टोनी होअर यांनीं पुढें २००९ सालीं तिला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटलें. दुसरी, वस्तु तेथें अजून नांदत असावी. रस्टमधील ‘वेक’ ही यादी जागा अपुरी पडली म्हणजे मोठ्या जागेंत बिऱ्हाड हलवूं शकते. आधीं टिपून ठेवलेला पत्ता मग सोडलेल्या घराचा ठरतो. तिसरी, हद्द ओलांडूं नये; हार्टब्लीडची कथा ती हीच. चौथी, पत्ता त्या जातीच्या वस्तूस योग्य अशा सीमेवर असावा, आणि तेथें खरोखरीचें मूल्य आधीं लिहिलेलें असावें. पांचवी, ज्या वस्तूवर दुसऱ्यास अनन्य अधिकार दिला आहे तिच्यांत मागील दारानें शिरूं नये. यांपैकीं एखादी हमी मोडली तरी आज्ञावली ताबडतोब कोसळेलच असें नाहीं, आणि खरा धोका तोच. आज ठीक चाललेलें काम उद्यां कंपायलरची आवृत्ति बदलतांच भलतेंच उत्तर देऊं शकतें.

ही हमी पाळावी कशी, याचा धडा रस्टच्या स्वतःच्या ग्रंथसंग्रहांतच आहे. समजा, दहा अंकांची एक ओळ आहे. तिचे पहिले चार अंक एकास व उरलेले सहा दुसऱ्यास, बदलण्याच्या अधिकारासह द्यावयाचे आहेत. हे दोन भाग एकमेकांस शिवत नाहींत हें माणसास दिसतें. कंपायलरला एकाच ओळीवर दोघांचा हक्क दिसतो व तो नकार देतो. ‘स्प्लिट अ‍ॅट म्यूट’ हें साधन येथें उपयोगीं पडतें. विभागणीचा अंक ओळीच्या लांबीहून मोठा नाहीं ना, हें तें प्रथम पाहतें. मोठा असल्यास काम तेथेंच थांबवितें. मग आरंभाचा निव्वळ पत्ता घेऊन, चार घरें पुढें सरकून, दोन तुकडे करून देतें. अनसेफ कंस आंत अगदीं लहान. बोलावणाऱ्यास त्याची वार्ताही नसते, आणि त्यानें कोणताही अंक दिला तरी स्मृतीस धक्का लागत नाहीं.

सारी रीत या उदाहरणांत आली. कंस लहान ठेवावा. पडताळा आधीं घ्यावा. हमी कां खरी आहे हें त्या कंसावर ‘सेफ्टी’ या शब्दाखालीं टिपून ठेवावें. आणि बाहेरचें दार असें बांधावें कीं, आंतील नियम ठाऊक नसलेल्यासही इजा होऊं नये. ‘मिरी’ नांवाचें साधन आज्ञावली सावकाश चालवून पुष्कळ उल्लंघनें पकडतें. परंतु जी वाट चालून पाहिलीच नाहीं, तिच्यावरील खड्डा त्यालाही दिसत नाहीं.

डिसेंबर २०२२ मध्यें लिनक्सच्या गाभ्याच्या ६.१ या आवृत्तींत रस्टला प्रवेश मिळाला. त्या गाभ्यावर चालणाऱ्या यंत्रांवर विसंबून व्यवहार करणाऱ्या गृहस्थास हे कंस कधींही दिसणार नाहींत. हमी लिहून देणारा एक असतो. तिच्यावर भरंवसा ठेवणारे असंख्य, आणि तेही न कळत.