कॅलमझूची काळी डबी

1961 साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात मध्येच एक फाटका, घोगरा आवाज घुसतो. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सिंग डेस्कचा एक चॅनेल बिघडला होता आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेला बेस गिटारचा तुकडा त्यातून असा टेपवर उतरला. तो तसाच ठेवला गेला. गाणं चाललं आणि इतर कलाकारही त्या आवाजाची मागणी करू लागले, पण तोवर बिघडलेला चॅनेल पुरता बंद पडला होता. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं ट्रान्झिस्टरचं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीने 1962 मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणलं. पुढे 1965 मध्ये गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’च्या सुरावटीसाठी ते वापरलं आणि पायाने दाबायच्या या डबीला जगभर गिऱ्हाईक मिळालं.

गिब्सनचा कारखाना तेव्हा अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, कॅलमझू या शहरात होता. त्याच शहरात 1978 मध्ये प्रोको कंपनीच्या स्कॉट बर्नहॅम यांनी ‘रॅट’ हे डिस्टॉर्शन पेडल बनवलं. कंपनीच्या तळघरात उंदरांचा सुळसुळाट होता, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. काळा रंग, तीन नॉब, एक स्विच, बस. जेफ बेकसारख्या वादकाने ते वापरलं आणि त्याची नवी रूपं आजही विकली जातात. स्वतः पेडल बनवू पाहणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. सुटे भाग थोडे, सर्किट समजायला सोपं आणि एकेक भाग बदलला की आवाजात काय फरक पडतो ते लगेच कानाला कळतं.

अर्थात रॅट सगळ्यांसाठी नाही. आपल्याला नेमका कुठला आवाज हवा, हे आधी ठरवावं लागतं. ज्याच्याकडे व्हॉल्व्हचा अँप आहे आणि तो आधीच थोडा फाटायला लागला आहे, त्याला आयबानेझचा ‘ट्यूब स्क्रीमर’ जास्त उपयोगी. त्याच्या 1979 च्या टीएस 808 या मॉडेलमध्ये खालचे सूर आवरलेले असतात आणि साधारण 720 हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग पुढे येतो, त्यामुळे सोलो बँडमध्ये उठून दिसतो. गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा आवाज आठवावा. ‘बिग मफ’ या पेडलचा स्वभाव उलटा. तो मधला भाग खाली दाबतो, सूर लांबवतो. घरी एकट्याने वाजवताना भारदस्त वाटणारा हा आवाज दुसऱ्या गिटारच्या आणि झांजांच्या गर्दीत सहज हरवतो. रॅटला अँपकडून फाटण्याची अपेक्षा नसते. अँप अगदी स्वच्छ, ट्रान्झिस्टरचा असला तरी हे पेडल आपलं काम स्वतः करतं. आपल्याकडच्या बहुतेक सरावखोल्यांत असेच अँप असल्यामुळे हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

आता झाकण उघडून पाहू. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतका असतो. एलएम 308 ही आयसी तो वाढवते, आणि डिस्टॉर्शनचा नॉब पूर्ण फिरवला तर ही वाढ कागदावर 2300 पटींच्या घरात जाते. त्यापुढे सिग्नलच्या वाटेवरून जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. लाट सुमारे 0.6 व्होल्टच्या वर गेली की एक डायोड वाहू लागतो, उणे 0.6 व्होल्टच्या खाली गेली की दुसरा. लाटेचे माथे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला क्लिपरचं प्रॅक्टिकल केलेल्या प्रत्येकाने ही छाटलेली लाट ऑसिलोस्कोपवर पाहिलेली असते. रॅट म्हणजे तेच प्रॅक्टिकल, फक्त कानाने करायचं.

छाटलेल्या लाटेत दोन सूर एकत्र आले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूरही जन्मतो. 110 आणि 165 हर्ट्झ, म्हणजे षड्ज आणि पंचम, एकत्र वाजवले तर 55 हर्ट्झचा, खालच्या सप्तकातला षड्ज उमटतो. रॉकमधले असे दोन सुरांचे पॉवर कॉर्ड एवढे दणदणीत का वाटतात त्याचं हे मोठं कारण. त्यात गंधार घातला की फरकाच्या सुरांची गर्दी होते आणि सगळं गढूळ होतं. पूर्ण कॉर्ड वाजवणाऱ्याने म्हणूनच डिस्टॉर्शनचा नॉब निम्म्याच्या खाली ठेवावा.

रॅटचा खरा स्वभाव मात्र त्या आयसीच्या संथपणात आहे. एलएम 308 चा व्होल्टेज एका मायक्रोसेकंदात जेमतेम 0.3 व्होल्ट बदलू शकतो. टीएल 071 सारखी आयसी याच्या चाळीसपट चपळ. एवढी प्रचंड वाढ करताना एलएम 308 ला वरच्या कंपनसंख्या गाठता येत नाहीत, त्या तिथेच बोथट होतात आणि आवाजाला ती जाड, खरखरीत साय येते. नंतरच्या फिल्टर नॉबची चाल तर नेहमीच्या टोनच्या उलट. उजवीकडे फिरवावा तसा आवाज गडद होतो, शेवटाला 475 हर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.

बनवायचं साहित्य मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं. रेझिस्टर, कपॅसिटर, 1एन4148 डायोड, जनरल पर्पज बोर्ड यांना अडचण नाही. अस्सल एलएम 308 मात्र आता बनत नाही आणि जुनी म्हणून विकली जाणारी आयसी भलत्याच आयसीवर नाव छापलेली असू शकते. तिच्यामागे पैसे घालवू नयेत. ओपी 07 तितकीच संथ आहे, पिनाही जुळतात आणि प्रोकोनेही पुढे तीच वापरली. जुन्या भागांभोवतीची भक्ती समजण्यासारखी आहे, पण कानाला वेग ऐकू येतो, छापलेलं नाव नाही.

आयसी थेट सोल्डर करू नये, आठ पिनांचा बेस लावावा. डायोडच्या जागीही बर्ग स्ट्रिपचे तुकडे बसवावेत, म्हणजे जोड्या बदलून ऐकता येतात. सिलिकॉनच्या जागी लाल एलईडी लावले तर लाट सुमारे 1.7 व्होल्टपर्यंत मोकळी राहते. आवाज मोठा आणि उघडा होतो. प्रोकोच्या ‘टर्बो रॅट’मध्ये हीच युक्ती आहे. जर्मेनियमचे डायोड 0.3 व्होल्टच्या आसपासच छाटायला लागतात, त्यामुळे आवाज दबतो आणि मऊ होतो. अडॅप्टर जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहायलाच हवा. पेडलच्या जगात पिनेचा मधला भाग ऋण असतो, तर बाजारात सर्रास मिळणाऱ्या अडॅप्टरमध्ये तो बहुधा धन. उलटा प्रवाह गेला तर आयसी जळते. पहिली चाचणी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर करणं बरं.

डायोडची निवड घरी, कमी आवाजात करून चालत नाही. बोर्ड उघडाच घेऊन सरावाला जावं आणि ड्रम-बेस चालू असताना तीनही जोड्या लावून पाहाव्यात. दर वेळी व्हॉल्यूम सारखा करून घ्यावा, कारण एलईडी नुसत्या मोठेपणावर बाजी मारतात आणि कान फसतो. ज्या जोडीतला सूर त्या गदारोळातही ओळखू येतो ती सोल्डर करावी, आणि मगच ॲल्युमिनियमच्या डबीला भोकं पाडायला घ्यावीत.