संकेतस्थळाचे कारागीर : पदनाम आणि प्रत्यक्ष काम

घर बांधावयाचे तर एकट्या गवंड्याने भागत नाही. आराखडा काढणारा, सुतार, वीजजोडणी करणारा असे अनेकांचे हात त्यास लागतात. आणि कोणाचे काम कोणते, हे गावात सर्वांना ठाऊक असते. संकेतस्थळाच्या बाबतीत ही जाण अद्याप पुरेशी रुजलेली नाही. ‘वेब डिझायनर पाहिजे’ एवढी जाहिरात देऊन मांडणी, आज्ञावली-लेखन, माहिती भरणे व सर्व्हरची देखभाल ही सारी कामे एकाच व्यक्तीकडून अपेक्षिली जातात. परिणामी पान देखणे होते, परंतु नागरिकाचा अर्ज मात्र पुढे सरकत नाही.

एकातून अनेक

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. आरंभीची पाने साधी होती. एचटीएमएल या खुणांच्या भाषेत मजकूर बसविला की पान सिद्ध होई. साहजिकच सर्व काम बहुधा एकच व्यक्ती करी व तिला ‘वेबमास्टर’ म्हणत. १९९५ मध्ये पानास हालचाल व प्रतिसाद देणारी जावास्क्रिप्ट आली. १९९६ मध्ये रंगरूप व मांडणी ठरविणाऱ्या सीएसएसला मान्यता मिळाली. पुढे मोबाइलचा प्रसार झाला आणि एकच पान लहानमोठ्या सर्व पडद्यांवर नीट दिसणे अगत्याचे ठरले. काम वाढले, तसे ते विभागलेही गेले.

कोणाचे काम कोणते?

डिझायनर हा पानाची मांडणी, अक्षरे, रंग आणि वाचकाचा मार्ग ठरवितो. त्याच्याकडून दृष्टी व वापरणाऱ्याची गरज ओळखण्याची क्षमता अपेक्षित असते. ‘फ्रंट-एंड’ डेव्हलपर तो आराखडा वरील तीन भाषांच्या साहाय्याने ब्राउझरमध्ये प्रत्यक्षात उतरवितो. ‘बॅक-एंड’ डेव्हलपर पडद्यामागे राहून अर्ज स्वीकारणे, माहितीची साठवण व तिची सुरक्षितता सांभाळतो; त्यासाठी पीएचपी, पायथन, जावा यांसारखी भाषा व डेटाबेसचे ज्ञान लागते. दोन्ही बाजू जाणणाऱ्यास ‘फुल-स्टॅक’ म्हणतात. अर्थात, दोन्हींत सारखाच प्रवीण असणारा विरळा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये नोंदणीकृत व्यक्तीसच ‘आर्किटेक्ट’ हे पदनाम लावता येते. वेब व्यवसायातील पदनामांना असे कायद्याचे कुंपण नाही. एका कंपनीतील ‘डिझायनर’ आज्ञावली लिहितो, तर दुसरीतील केवळ चित्रे काढतो. म्हणून पदनामावर विसंबणे धोक्याचे होय.

आधी काम, मग नाव

यास्तव शाळा, ग्रामपंचायत वा कार्यालय यांनी प्रथम कामाची यादी करावी. केवळ सूचना व छायाचित्रे प्रसिद्ध करावयाची असल्यास तयार प्रणाली हाताळणारी व्यक्ती पुरेशी असते. अर्ज वा शुल्क स्वीकारावयाचे असल्यास बॅक-एंडचे ज्ञान अनिवार्य ठरते. उमेदवाराने केलेले एखादे संकेतस्थळ साध्या मोबाइलवर उघडून पाहावे आणि त्यातील नेमका कोणता भाग त्याने स्वतः केला, हे विचारावे.

दोन अपेक्षा मात्र प्रत्येकाकडून धरावयास हव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. म्हणजे तो कोणत्याही यंत्रावर वाचता व शोधता येतो. दुसरी अपेक्षा सुगम्यतेची. दृष्टिहीन नागरिक पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या आधारे संकेतस्थळ वापरतात. चित्राच्या रूपात चढविलेली सूचना त्यांच्यासाठी कोरा कागदच होय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे यांचा रोख हाच आहे.

पदनामे काळानुसार बदलत राहतील. मात्र आपला अर्ज पोहोचला की नाही, हे घरबसल्या कळावे, ही नागरिकाची साधी अपेक्षा बदलणारी नाही. ती पूर्ण करणारा हात ओळखता येणे, हे निवड करणाऱ्याचे कौशल्य होय.