मुठीतली वावटळ

एप्रिलच्या दुपारी मुकुटबनच्या रस्त्याला लागलं की नांगरलेल्या काळ्या वावरात हमखास वावटळ उठताना दिसते. पऱ्हाटीचा पाला, एखादी पन्नी, मूठभर माती गरगरत वर जाते आणि दोन धुरे ओलांडून विरते. पुढे सिमेंट कारखान्याचा मनोरा दिसतो. माझ्या गाडीत, सीटखाली, बिनवायरीचा हातातला व्हॅक्यूम क्लीनर पडलेला असतो. या तिघांचं गोत्र एक आहे, हे मला तो क्लीनर बंद पडल्यावर कळलं.

बंद पाडला तो कापसाने. झरी जामणी तालुक्यात गाडीतून कापसाचं गाठोडं नेलं की सीटभर तंतू चिकटणारच. ते ओढता ओढता दोन मिनिटांत यंत्राचा आवाज बारीक आणि चढा झाला. मला वाटलं, बिचारं जास्त जोर लावतंय. प्रत्यक्षात उलटं होतं. गाळणी चोंदली, आत हवाच येईना, म्हणजे पंख्याला ढकलायला काही उरलं नाही. ओझं उतरलेल्या बैलासारखी मोटर मोकळी पळत सुटली. चढा आवाज ही रिकामपणाची खूण होती.

आणखी एक गैरसमज लगेच मोडावा लागला. हे यंत्र धूळ ओढत नाही. आपल्या अंगावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो वजनाइतका हवेचा दाब कायम असतो. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा धुळीसकट आत घुसते. चांगल्या यंत्राचं तोंड हाताने बंद करून मोजलं, तर दाब फार तर पाचव्या हिश्श्याने उतरलेला असतो. म्हणजे नावात व्हॅक्यूम असलं तरी पोकळी काही होत नाही. या यंत्राची कल्पना पारखायला १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी उपाहारगृहातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून त्यातून तोंडाने हवा ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटली. त्यांचं पहिलं यंत्र मात्र घोडागाडीवरून दारात यायचं आणि नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागायच्या.

घोडागाडीवरचं यंत्र मुठीत मावलं ते वेगामुळे. पंखा लहान केला की तो त्या प्रमाणात जोरात फिरवावा लागतो. चार सेंटीमीटरचा पंखा मिनिटाला एक लाख फेरे घेतो, तेव्हा त्याची कड ताशी साडेसातशे किलोमीटरने धावत असते. विमानाच्या जवळपास जाणारा हा वेग, आपल्या अंगठ्याशेजारी! जुन्या मोटरमधले कार्बनचे ब्रश या वेगाला झिजून जातात. म्हणून नव्या मोटरमध्ये ब्रशच नाहीत. फिरतो तो लोहचुंबक आणि भोवतालच्या वेटोळ्यांतला प्रवाह एक छोटी चिप सेकंदाला हजारो वेळा पालटत राहते.

पण माझ्या मते खरी करामत धूळ आत घेण्यात नाही, ती हवेतून सोडवण्यात आहे. आपल्याकडे खळ्यावर धान्य उपणतात तेव्हा वारा भूस उडवतो आणि दाणा खाली पडतो. इथे दाणा म्हणजे पिठाहून बारीक धूळ. ती खाली पडायला तयार नसते. मग तिचं वजन वाढवायचं! हवा शंकूच्या आकाराच्या भांड्यात तिरकी सोडली की ती गरगरते आणि धूळ कडेला फेकली जाते. शंकूची त्रिज्या दोन सेंटीमीटर आणि हवेचा वेग सेकंदाला वीस मीटर धरा: कणावरचा जोर त्याच्या वजनाच्या दोन हजार पट भरतो. कण भिंतीला घासत डब्यात उतरतो, स्वच्छ झालेली हवा मधून वर निघून जाते. शंकू जितका बारीक तितका जोर जास्त, म्हणून महागड्या यंत्रात छोट्या शंकूंची अख्खी माळच असते.

जेम्स डायसन यांना १९७८ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरसाठी ही कल्पना लाकडाचा भुसा पकडणाऱ्या अशाच शंकूवरून सुचली आणि ५,१२७ नमुने केल्यावर जमली. जिनिंगमध्ये सक्शनच्या पाइपातून कापूस उडत जातो, तिथेही कचरा पकडायला असाच शंकू, म्हणजे सायक्लोन, असतो. आणि मुकुटबनचा तो मनोरा? २०२२ मध्ये सुरू झालेला हा कारखाना वर्षाला ३९ लाख टन सिमेंटच्या क्षमतेचा आहे. अशा कारखान्यांच्या मनोऱ्यात एकावर एक प्रचंड सायक्लोन रचलेले असतात. भट्टीतला तप्त वायू वर चढतो, चुनखडीचं पीठ वरून उतरतं. प्रत्येक टप्प्यावर दोघं भेटतात, गरगरतात आणि वेगळे होतात. खाली पोचेपर्यंत पीठ मिनिटभरात ८०० अंशांच्या पुढे तापलेलं असतं. मनोऱ्यातही तीच वावटळ, फक्त वेसण घातलेली.

शंकूलाही चुकवणारे कण शेवटच्या गाळणीत अडकतात. गंमत अशी, की हेपा नावाच्या या अतिबारीक गाळणीला सर्वांत अवघड जातात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे मधलेच कण. मोठे तंतूंवर आपटतात, अगदी छोटे हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटून चिकटतात.

राहिली बॅटरी. मुठीच्या भागात करंगळीहून थोडे जाड सहा लिथियम सेल असतात, मिळून साधारण ५४ वॉट-तास वीज. पूर्ण जोरावर ४०० वॉट खाल्ले की आठ मिनिटांत खेळ खलास. बॅटरी वाढवली की मनगट दुखतं. इंजिनीअरची अर्धी झोप या हिशेबातच जाते.

या सेलना ४५ अंशांवर चार्ज होणं मानवत नाही आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा तिथवर जातो. तेव्हा उन्हाळ्यात हे यंत्र माझ्यासारखं गाडीत सोडू नका. माठ असतो त्या खोलीत ठेवा, चार्जिंग पहाटे करा आणि कापूस मात्र आधी हाताने वेचून घ्या.