क्लब नक्की कुणाचा? कोलकाता डर्बी, मुंबईचा महिंद्रा आणि आठवणींची ताकद

आजचा एपिसोड फुटबॉलवर आहे. पण मेस्सी-रोनाल्डो नाही, ट्रान्स्फरच्या बातम्या नाहीत. आज आपण एकच प्रश्न घेणार आहोत. फुटबॉल क्लब नक्की कुणाचा असतो? कागदावर ज्याच्या नावाने शेअर्स आहेत त्याचा, की ज्याला पन्नास वर्षांपूर्वीच्या मॅचचे गोल अजून क्रमाने सांगता येतात त्याचा?

प्रश्न जरा भाबडा वाटेल. पण आपल्याच देशात दोन शहरांनी त्याची दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. कोलकात्यात चाहत्यांच्या आठवणींपुढे मालकाला क्लबचं नाव बदलावं लागलं. मुंबईत नॅशनल लीग जिंकलेला क्लब बंद झाला, आणि तो झालाच. हा फरक का पडला, ते आज समजून घेऊ.

आधी थोडी ओळख

ज्यांना कोलकात्याची डर्बी माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मोहन बागान १८८९ चा क्लब, हिरवा-मरून. ईस्ट बंगाल १९२० चा, लाल-सोनेरी. ढोबळमानाने मोहन बागान म्हणजे 'घोटी', पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी. ईस्ट बंगाल म्हणजे 'बांगाल', पूर्व बंगालातून आलेली माणसं. फाळणीनंतर लाखो लोक घरदार सोडून कोलकात्यात आले. गाव गेलं, शेत गेलं, ओळखीची माणसं पांगली. अशा वेळी आपल्या सुटलेल्या मुलखाचं नाव छातीवर घेऊन खेळणारी एक टीम शहरात होती. त्या लोकांसाठी हा नुसता क्लब कसा राहील?

म्हणून जेवणातसुद्धा पार्ट्या आहेत. मोहन बागान जिंकलं की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं की हिल्सा. मॅचच्या निकालावर मासळीबाजार हलतो असं तिथले लोक हसत हसत सांगतात.

आता या चाहत्यांच्या गप्पा ऐकल्या तर त्यात तीन गोष्टी कायम येतात: खेळाडू, मॅच आणि गर्दी. एकेक घेऊ.

खेळाडू: अकरा अनवाणी आणि पाच पांडव

२९ जुलै १९११. आयएफए शील्डची फायनल. समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, म्हणजे गोऱ्या सैनिकांची टीम, पायात बूट. मोहन बागानचे अकरापैकी दहा जण अनवाणी. बूट घालून खेळले ते एकटे सुधीर चॅटर्जी. ब्रिटिशांनी पहिला गोल केला. मग कॅप्टन शिबदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल मारला. २-१. ही शील्ड जिंकणारी ती पहिली भारतीय टीम.

बंगालीत त्या टीमला 'अमर एकादश' म्हणतात. २९ जुलै हा आजही 'मोहन बागान दिवस' म्हणून साजरा होतो. त्या मॅचला हजर असलेलं आज कुणीही हयात नाही, तरी आठवण जिवंत आहे, कारण ती घरातून घरात पुढे दिली गेली.

ईस्ट बंगालची बाजूही ऐका. १९४० च्या दशकाचा शेवट आणि पन्नासच्या दशकाची सुरुवात. त्यांच्या फॉरवर्ड लाइनला 'पंच पांडव' म्हणायचे: व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. नावं बघा. पाचही दक्षिणेतले, बंगाली एकही नाही! ज्या क्लबची ओळखच 'आम्ही पूर्व बंगालचे' अशी, त्या क्लबने दक्षिणेतल्या पाच जणांना घरातली माणसं करून टाकलं. म्हणजे 'आपला' कोण, हे जन्मगावावरून ठरत नाही. आपल्यासाठी कोण धावलं, यावरून ठरतं.

मॅच: पाच-शून्य

काही मॅचना तारीख लागत नाही, आकडा पुरतो. कोलकात्यात 'पाच-शून्य' म्हटलं की विषय संपला. ३० सप्टेंबर १९७५, पुन्हा आयएफए शील्डची फायनल, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. सुरजित सेनगुप्ता, श्याम थापा दोन, रणजित मुखर्जी, शुभंकर सन्याल. त्या पिढीतले चाहते ही नावं पाढ्यासारखी म्हणतात.

एक गोष्ट लक्षात घ्या. कोलकात्यात दूरदर्शन सुरू झालं ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. म्हणजे घरोघरी टीव्ही नव्हता, रीप्ले तर लांबच. मैदानात नसलेल्यांसाठी होता रेडिओ आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर. मग लोकांनी काय केलं? मॅच एकमेकांना सांगितली. चहाच्या टपरीवर, ऑफिसात, ट्राममध्ये. आज आपण हायलाइट बघतो आणि स्क्रोल करतो. ते लोक हायलाइट तोंडाने बनवायचे, आणि दर वेळी सांगताना ती मॅच पुन्हा खेळली जायची.

हरलेल्यांच्याही कथा आहेतच. चिडलेल्या चाहत्यांना टाळायला मोहन बागानच्या काही खेळाडूंनी ती रात्र गंगेत होडीवर काढली, असं सांगितलं जातं. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९७७ मध्ये, हाच मोहन बागान ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसशी २-२ बरोबरीत खेळला. म्हणून जुन्या बागानवाल्याला पाच-शून्यवरून चिडवलं, की तो हमखास पेलेवर येतो. वादात कुठला पत्ता कधी टाकायचा, हेही पिढीजात शिकवलं जातं.

गर्दी: सगळ्यात खोल आठवण

खेळाडूंची नावं रेकॉर्डमध्ये सापडतात. स्कोअरही सापडतो. गर्दीची आठवण मात्र फक्त गर्दीतल्या माणसाकडे असते.

१९११ च्या फायनलला इतके लोक लोटले होते की मागच्यांना मैदान दिसेना. तेव्हा पतंग उडवून स्कोअर कळवला गेला, असं वर्णन येतं. विचार करा, नोटिफिकेशन म्हणून आकाशात पतंग!

आणि १९९७. १३ जुलै, सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची सेमीफायनल. मोहन बागानचे कोच अमल दत्त आपल्या 'डायमंड' रचनेमुळे गाजत होते. मॅचआधी त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची टर उडवली. बायचुंग भुतियाला 'चुंग चुंग' म्हणाले. समोर कोच होते पी. के. बॅनर्जी. निकाल? ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १, आणि भुतियाची हॅटट्रिक. प्रेक्षकसंख्या १,३१,७८१.

पुढे २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपसाठी त्या स्टेडियमचं नूतनीकरण झालं, खुर्च्या बसल्या आणि क्षमता बरीच कमी झाली. चांगलंच झालं, सुरक्षित झालं. पण याचा अर्थ असा की तो आकडा तिथे आता कधीच गाठता येणार नाही. म्हणून 'मी त्या दिवशी होतो' या वाक्याला एवढं वजन आहे. असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मोजलं तर स्टेडियम दोनदा भरेल, ती गोष्ट वेगळी!

पण गर्दीची एक आठवण अशी आहे जिथे कुणी मिरवत नाही. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, लीगची डर्बी. मैदानात विदेश बोस आणि दिलीप पालित यांच्यात झटापट झाली, दोघांनाही रेड कार्ड मिळालं. गॅलरीत हाणामारी पेटली, मग चेंगराचेंगरी. सोळा चाहते घरी परतले नाहीत. मॅच बघायला गेलेली माणसं होती ती, आपल्यासारखीच.

कोलकात्याने ही आठवण दडपली नाही. १६ ऑगस्टला त्या सोळा जणांच्या स्मरणार्थ रक्तदान होतं. दोन्ही क्लबचे चाहते रक्त देतात, आणि पिशवीवर क्लबचा रंग नसतो. आठवणी नुसत्या गोड असतील तर त्या जाहिरातीसारख्या होतात. जे क्लब आपलं दुःखही लक्षात ठेवतात, त्यांच्याच आठवणींना ताकद येते.

मग ही ताकद दिसली कुठे?

२०२० मध्ये मोहन बागानची फुटबॉल टीम इंडियन सुपर लीगमध्ये आली, पण एटीके या फ्रँचायझीसोबत एकत्र होऊन. नाव झालं एटीके मोहन बागान. व्यवहार म्हणून बघितलं तर समजण्यासारखं होतं. मोठ्या लीगला पैसा लागतो. पण चाहते म्हणाले, शंभरहून जास्त वर्षांच्या नावाआधी दुसरं नाव कसं? 'रिमूव्ह एटीके' ही मोहीम सुरू झाली. बॅनर, सोशल मीडिया, निदर्शनं, वर्षानुवर्षं.

मार्च २०२३ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, टीमने पेनल्टीवर बेंगळुरूला हरवून लीग जिंकली. ट्रॉफी हातात असताना मालक संजीव गोयंका यांनी जाहीर केलं की एटीके नाव जाणार. १ जूनपासून क्लब झाला मोहन बागान सुपर जायंट. 'सुपर जायंट' चिकटलंच, हे मान्य. पण नाव आता 'मोहन बागान'ने सुरू होतं. शेअर्स चाहत्यांकडे नव्हते, तरी त्यांनी ते करून घेतलं.

आणि ऑगस्ट २०२४. आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर शहर पेटलं होतं. १८ ऑगस्टची ड्युरँड कपची डर्बी रद्द झाली. तेव्हा मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग, तिन्ही क्लबचे चाहते सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र जमले, न्याय मागत. ४४ वर्षांपूर्वी ज्या दोन गॅलऱ्या एकमेकींवर तुटून पडल्या होत्या, त्यांची पुढची पिढी एका रस्त्यावर खांद्याला खांदा लावून उभी होती.

आता मुंबई

महिंद्रा युनायटेड. सुरुवात १९६२ ची, घरचं मैदान कूपरेज. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा कोच असताना नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. टीममध्ये युसिफ याकुबू, स्टीव्हन डायस, खालिद जमील, आणि ज्याला मोहन बागानवाले प्रेमाने 'सबुज तोता', हिरवा पोपट, म्हणतात तो ब्राझीलचा बारेटोसुद्धा. २०१० मध्ये कंपनीने टीम बंद केली. तळागाळातल्या फुटबॉलकडे वळणार, असं सांगितलं.

मुंबईत फुटबॉलवेडे नाहीत, असं कुणी म्हणू नका. पण आपल्याकडच्या मोठ्या टीम बऱ्याचशा कंपन्यांच्या आणि ऑफिसांच्या होत्या. त्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, घरं उभी केली, ते काम मोठंच. पण माझ्या मते अशा टीमचा चाहता 'पाहुणा' राहतो. टीम वस्तीची नसते, त्यामुळे आठवण बापाकडून पोरीकडे, आजीकडून नातवाकडे जात नाही. मग वरून एक निर्णय येतो आणि खाली त्याला अडवणारं कुणी नसतं.

याच्या उलट आपलं कोल्हापूर बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. टीम तालमीची, तालीम पेठेची. राजर्षी शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठ उठून येते. अशी टीम मुंबईच्या ऑफिसात बसून ईमेलने बंद करता येत नाही. पण तिथली कितीतरी आठवण अजून कट्ट्यावरच आहे, तोंडी. आम्हा कोडवाल्यांचा एक नियम आहे: ज्या डेटाची एकच कॉपी आहे, तो गेलाच समजा. इथे ती एकुलती कॉपी कुणाच्या तरी सत्तरीतल्या काकांकडे आहे.

तुम्ही काय करू शकता

फोन हातात आहेच. घरात, गल्लीत, तालमीत कुणी जुना खेळाडू किंवा चाहता असेल तर परवानगी घेऊन रेकॉर्डर चालू करा. स्कोअर विचारू नका. तो पेपरात सापडेल, आणि तसाही आठवणीत चुकतो. हे विचारा: कुठे बसला होता? कुणाबरोबर गेला होता? तिकिटाचे पैसे कुठून आणले? बाजूचा माणूस काय ओरडत होता? हरल्यावर घरी जाऊन जेवलात का? दोन जणांनी एकच मॅच वेगवेगळी सांगितली तर दोन्ही ठेवा. तारीख आणि गावाचं नाव फाइलवर लिहा, आणि एक कॉपी दुसरीकडे टाका.

अशी रेकॉर्डिंग आमच्याकडे पाठवलीत, तर सांगणाऱ्याच्या परवानगीने आपण त्यांचा एक वेगळा एपिसोड करू. कोल्हापूर, मुंबई, गोवा, नागपूर, कुठलंही मैदान चालेल. काका आहेत तोवर विचारून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!