चकाकी पाहू नका, थर पाहा

आम्ही कापडाचे व्यापारी. धातूशास्त्र आमचा विषय नाही. पण ज्या पोलादी भागावरून सूत घासत जाते त्याला चरा पडला की सूत तुटते, कापडात दोष येतो आणि भाव पडतो, हे आम्ही रोज पाहतो.

यावर उपाय संमिश्र मुलाम्याचा. सुमारे ९० अंश तापलेल्या निकेलच्या द्रावणात सिलिकॉन कार्बाइडची किंवा हिऱ्याची बारीक भुकटी ढवळत ठेवतात. विजेशिवाय पोलादावर निकेल-फॉस्फरसचा थर चढतो आणि कण त्यात रुतून बसतात. ओपन-एंड सूतकताईच्या रोटरवर असा निकेल-हिऱ्याचा थर देतात.

हा थर ४०० अंशांवर तासभर तापवला, की निकेलचा कठीणपणा ५००-६०० विकर्सवरून १००० च्या आसपास जातो. मात्र याच उष्णतेने आधी पाणी दिलेले पोलाद मऊ पडू शकते, आणि मऊ पायावर कठीण थर टिकत नाही. तेल-गंज नीट काढला नसेल तर मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो.

म्हणून कारागीर बांधवांनी सुटा भाग घेताना थराची जाडी आणि तापवणी जरूर विचारावी. स्वस्तात घेतलेला भाग पुढे सूत खाऊन आपली किंमत वसूल करतो.